अंगावर पित्त उठणें आणि त्वचारोगतज्ज्ञाची गरज

शेतांत काम करणाऱ्या मनुष्याच्या अंगावर कांहीं ना कांहीं उठणें ही इतकी नित्याची गोष्ट आहे कीं, तिची वेगळी दखल घेण्याचें कोणाच्या मनांत येत नाहीं. मळणीचा भुसा अंगावर पडला, खाज सुटली. बांधावरचें गाजरगवत उपटलें, हात लाल झाले. विहिरीवर गांधीलमाशी चावली, सर्वांगावर चट्टे आले. लग्नाच्या पंगतींत जेवून आल्यावर रात्रीं अंग खाजूं लागलें. ह्या सर्वांस आपण सरसकट 'पित्त उठलें' असें म्हणतों आणि दुकानांतून एकच गोळी मागवितों. वास्तविक हे निरनिराळे विकार असून त्यांचे उपायही निरनिराळे आहेत. त्यांपैकीं जें खरें पित्त, तें शंभर माणसांपैकीं सुमारें पंधरा ते वीस जणांस आयुष्यांत केव्हां ना केव्हां उठतें व बहुधा आपोआप बरें होतें. परंतु क्वचित् प्रसंगीं तेंच पित्त अर्ध्या तासांत प्राणावर बेततें, आणि कांहीं घरांत तें महिनोन्‌महिने ठाण मांडून झोंप व पैसा दोन्ही खातें. कोणतें पित्त घरीं सोडून द्यावें, कोणतें घेऊन त्वचारोगतज्ज्ञाकडे जावें आणि कोणत्या वेळीं तज्ज्ञाची वाट न पाहतां जवळच्या दवाखान्याकडे धांव घ्यावी, हें शेतकऱ्यास स्वतःस कळलें पाहिजे. कारण खेड्यांत हा निर्णय पहिल्यानें घरच्याच मनुष्यास करावा लागतो.

ह्या विकारास आपल्याकडे शीतपित्त, अंगावर पित्त येणें, गांधी उठणें अशीं नांवें आहेत. माधवनिदान ह्या जुन्या वैद्यकग्रंथांत शीतपित्त, उदर्द व कोठ यांचें स्वतंत्र प्रकरण असून, तेथें ह्या चट्ट्यांस वरटीच्या, म्हणजे गांधीलमाशीच्या, दंशानें येणाऱ्या सुजेची उपमा दिलेली आहे. उपमा अचूक आहे. 'पित्त' ह्या शब्दानें मात्र मागाहूनच्या लोकांचा घोटाळा केला. छातींत जळजळ होते, तोंडास आंबट पाणी सुटतें, त्यासही आपण पित्तच म्हणतों. त्यामुळें अंगावर गांधी उठल्या कीं आम्लपित्ताची गोळी किंवा सोड्याचें पाणी पोटांत घालण्याची चाल पडली आहे. पोटांतील आम्लाचा आणि ह्या चट्ट्यांचा तसा सरळ संबंध नाहीं. चट्टे तास-दोन तासांत स्वतःच मावळतात आणि श्रेय सोड्यास मिळतें, इतकेंच. अमसुलाचें पाणी अंगास लावण्याचा घरगुती उपाय त्या मानानें निरुपद्रवी आहे; गारव्यानें खाज थोडी शमते. घोंगडी पांघरून घाम काढण्याचा प्रकार मात्र करूं नये. उष्णतेनें व लोंकरीच्या घासण्यानें खाज वाढते.

चट्टा कसा तयार होतो.— कातडीच्या आंतील थरांत, रक्ताच्या बारीक केशवाहिन्यांच्या शेजारीं, एका विशिष्ट जातीच्या पेशी पहारेकऱ्यांसारख्या बसलेल्या असतात. पॉल अर्लिख ह्या जर्मन शास्त्रज्ञानें १८७८ सालीं त्यांस 'मास्ट' पेशी हें नांव दिलें. ह्या पेशींच्या पोटांत हिस्टामिन नांवाचें द्रव्य सूक्ष्म कणांच्या रूपानें सांठविलेलें असतें. पेशी चाळवली कीं हें द्रव्य बाहेर सांडतें. त्यानें केशवाहिन्या रुंदावून त्यांच्या भिंती सैल पडतात. आणि पाटाची पाळ पाझरूं लागली म्हणजे लगतचें वावर जसें ओलें होऊन फुगतें, तसें रक्तांतील पाणी भोंवतालच्या कातडींत झिरपून तेथें उंचवटा येतो. हाच चट्टा. हिस्टामिननें मज्जातंतू चेतविले जातात, म्हणून खाज सुटते. पाझर थांबून झिरपलेलें पाणी परत शोषलें गेलें कीं कातडी पूर्ववत् होते. मागें डाग राहत नाहीं. हाच पाझर अधिक खोल थरांत, ओठांत किंवा पापण्यांत, झाला तर चट्ट्याऐवजीं जाड सूज दिसते व ती उतरण्यास दोन-तीन दिवसही लागतात.

एकास मासा सोसतो आणि दुसऱ्यास सोसत नाहीं, हें कोडें १९२१ सालीं प्राउसनिट्झ व क्यूस्टनर ह्या दोघां डॉक्टरांनीं स्वतःच्या अंगावर प्रयोग करून उलगडीत आणलें. क्यूस्टनर यांना मासे खाल्ले कीं गांधी उठत. त्यांच्या रक्तांतील निवळ भाग प्राउसनिट्झ यांच्या कातडींत टोंचला आणि दुसरे दिवशीं त्याच जागीं माशाचा अर्क टोंचला. प्राउसनिट्झ यांना एरव्हीं मासा सोसत असूनही तेवढ्याच जागेवर चट्टा उठला. म्हणजे दोष माशांत नसून क्यूस्टनर यांच्या रक्तांतील एका पदार्थांत होता. तो पदार्थ कोणता, हें इशिझाका ह्या जपानी दांपत्यानें १९६६ सालीं दाखविलें. त्यास आज आय-जी-ई म्हणतात. शरीरांत हा पदार्थ तयार होण्यापूर्वीं त्या त्या वस्तूशीं शरीराची ओळख व्हावी लागते. यास्तव 'आजवर ह्या गोळीनें मला कधीं कांहीं झालें नाहीं' हा निर्दोषपणाचा पुरावा नव्हे. वावडें पुष्कळदां पूर्वीं सोसलेल्या वस्तूचेंच उत्पन्न होतें.

घड्याळावरून ओळख.— खरें पित्त रंगावरून किंवा आकारावरून ओळखण्यापेक्षां घड्याळावरून ओळखावें. एकेक चट्टा कांहीं मिनिटें ते कांहीं तास राहून चोवीस तासांच्या आंत नाहींसा होतो आणि दुसरीकडे नवा उठतो. सकाळीं मांडीवर, दुपारीं पाठीवर, रात्रीं पोटावर असा फेरा चालतो. म्हणून आजार आठ दिवस चालला तरी कोणताही एक चट्टा आठ दिवस राहिलेला नसतो. संशय असल्यास पेनानें एका चट्ट्याभोंवतीं रेघ ओढावी, शेजारीं वेळ लिहावी व दुसरे दिवशीं त्याच वेळीं पाहावें. रेघेच्या आंतील कातडी स्वच्छ झाली असेल तर तें पित्त. चट्टा तेथेंच असेल, खाजेऐवजीं आग किंवा ठणका असेल, अथवा तो गेल्यावर निळसर डाग मागें राहिला असेल, तर तें साधें पित्त नव्हे. रक्तवाहिन्यांस सूज येण्याचा एक वेगळा विकार तेथें असूं शकतो, आणि तो ठरविण्यासाठीं कातडीचा लहानसा तुकडा काढून तपासावा लागतो. हें काम त्वचारोगतज्ज्ञाचेंच आहे.

ही चोवीस तासांची कसोटी लावली कीं पित्तासारखे भासणारे इतर विकार बाजूस पडतात. कळमन्याच्या बाजारांत माल घालून चौकटीचें किंवा छपराचें लांकूड पाहण्यास जो शेतकरी नागपूरच्या लकडगंजांत येतो, त्यास तेथील वखारींतून व आरागिरण्यांतून उडणारा सागाचा व शिसवीचा भुसा परिचयाचा असेल. हा भुसा कित्येकांच्या कातडीस सोसत नाहीं. पापण्या, मान, कोपराचे सांधे, जेथें घाम व धूळ एकत्र होतात, तेथें कातडी प्रथम लाल होते, मग स्रवते, शेवटीं जाड होऊन तिचे पापुद्रे निघतात. काम बंद ठेवलें कीं कमी, सुरू केलें कीं पुन्हां. हें दिवसचे दिवस टिकणारें इसब आहे. पित्ताची गोळी त्याचें मूळ काढीत नाहीं. गाजरगवताचें तसेंच. पुण्याकडे १९५५ च्या सुमारास प्रथम नजरेस आलेलें हें तण आज आपल्या बांधाबांधांवर माजलें आहे, आणि त्याच्या वावड्यानें चेहरा, मान व हात काळवंडून जाड झालेले शेतकरी गांवोगांव दिसतात. बिब्ब्याचें तेल लागल्यास तर फोड येऊन कातडी भाजल्यासारखी होते. धोब्यानें कपड्यावर बिब्ब्यानें केलेल्या खुणेमुळें मानेवर नेमका तेवढाच चट्टा उठल्याचीं उदाहरणें वैद्यकांत नमूद आहेत. गजकर्णाचें कडें आठवडेच्या आठवडे हळूहळू पसरत जातें. ह्यांपैकीं कशासही पित्त म्हणून उपचार केल्यास दिवस फुकट जातात.

फवारणीची गोष्ट निराळी व अधिक गंभीर. औषध मारून आल्यावर खाजेबरोबर अतोनात घाम, तोंडास लाळ, डोळ्यांस अंधारी, ओकारी किंवा हातापायांस कंप असेल तर ती विषबाधा समजून, औषधाची बाटली बरोबर घेऊन, थेट रुग्णालय गांठावें. यवतमाळ जिल्ह्यांत २०१७ सालच्या खरिपांत कपाशीवर फवारणी करतांना वीसहून अधिक शेतकरी व मजूर दगावले, हें आपण विसरतां कामा नये.

कारणें.— थोडे दिवस टिकणाऱ्या पित्ताचीं कारणें पुष्कळ आहेत. लहान मुलांत बहुधा सर्दी-तापाचा साधा संसर्ग हेंच कारण असतें. मोठ्यांत अंगदुखीच्या गोळ्या (अ‍ॅस्पिरिन, आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक) व पेनिसिलिनच्या जातीचीं औषधें हीं अग्रभागीं येतात. दिवसभर कोळपणी-निंदणी करून रात्रीं अंग ठणकलें म्हणून सहज घेतलेली गोळी कोणास आठवतही नाहीं. अंडीं, मासे, भुईमूग, दूध यांचें वावडें असणाऱ्यांस तो पदार्थ खाल्ल्यापासून बहुधा तास-दोन तासांच्या आंत गांधी उठतात. परवांच्या जेवणावर आजच्या पित्ताचा आळ घेणें व्यर्थ होय. रक्तदाबाच्या ज्या गोळ्यांच्या नांवाच्या शेवटीं 'प्रिल' हीं अक्षरें येतात, त्यांनीं कधीं कधीं चट्टे न उठतां नुसते ओठ व जीभ सुजतात. असें झाल्यास त्याच दिवशीं डॉक्टरास दाखवावें.

कित्येकांस निव्वळ शारीरिक कारणानें पित्त उठतें. कोणास नखानें रेघ ओढली तरी तेथें दोरीसारखा वळ येतो. कोणास खांद्यावरून पोतें वाहिल्यावर चार-सहा तासांनीं, म्हणजे काम विसरल्यावर, नेमक्या त्या जागीं सूज येते. कोणास घाम आला कीं टांचणीच्या डोक्याएवढ्या बारीक पुटकुळ्या उठून अंग टोंचूं लागतें. गार वाऱ्यानें किंवा गार पाण्यानें ज्यास पित्त उठतें, त्यानें विहिरींत किंवा तळ्यांत उडी घेऊन पोहण्याचें कटाक्षानें टाळावें. सर्व अंग एकदम थंड पडल्यानें हिस्टामिन इतकें सांडतें कीं, मनुष्य पाण्यांतच बेशुद्ध होऊं शकतो.

प्राणावर बेतणारा प्रकार.— मधमाशी, आग्या माशी किंवा गांधीलमाशी चावल्यावर, इंजेक्शन घेतल्यावर, अथवा एखादी गोळी किंवा पदार्थ पोटांत गेल्यावर थोड्याच वेळांत सर्वांगावर गांधी उठल्या आणि त्यांच्याबरोबर घसा आवळला, आवाज घोगरा झाला, जीभ सुजली, श्वासास घरघर लागली, भोंवळ आली, किंवा ओकाऱ्या व पोटांत कळा सुरू झाल्या, तर हा केवळ कातडीचा आजार राहिला नाहीं. श्वासनलिका आवळत असून रक्तदाब खालीं कोसळत आहे असें समजावें. ह्यावर जीव वांचविणारें औषध अ‍ॅड्रिनॅलिन. तें मांडीच्या बाहेरच्या बाजूस स्नायूंत टोंचतात. पित्ताची गोळी खाज थांबवील, पण आवळलेला श्वास मोकळा करणार नाहीं. अशा वेळीं नागपूर गांठण्याचा हट्ट न धरतां १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवावी, किंवा सर्वांत जवळच्या आरोग्य केंद्रांत अथवा ग्रामीण रुग्णालयांत न्यावें. रुग्णास आडवें निजवून पाय उंच ठेवावे. धाप लागत असेल तर टेकवून बसवावें. चालवूं नये व एकदम उभें करूं नये. मोटरसायकलीवर दोघांच्या मध्यें ताठ बसवून नेण्याची जी पद्धत खेड्यांत पडली आहे, ती ह्या आजारांत धोक्याची आहे. मधमाशीचा कांटा रुतला असल्यास तो नखानें चटकन खरडून काढावा. चुना, कांदा, लोखंड शोधण्यांत वेळ दवडूं नये. बरें वाटलें तरी कांहीं तास रुग्णालयांतच राहावें, कारण झटका पुन्हां येऊं शकतो. गांवच्या आरोग्य केंद्रांत अ‍ॅड्रिनॅलिन आहे ना, ह्याची चौकशी ग्रामसभेंत आधींच करून ठेवण्यांत कोणास कमीपणा वाटूं नये. पंपाच्या पेटींत गांधीलमाश्यांचें पोळें प्रत्येक शिवारांत असतें.

साधे उपचार व त्यांतील खोड्या.— ज्या पित्तांत वरील कोणतेंही धोक्याचें लक्षण नाहीं, त्यांत हिस्टामिनविरोधी गोळी पुरेशी होते. प्रौढास सेटिरिझिन १० मिलिग्रॅम दिवसांतून एकदां, किंवा फेक्सोफेनाडिन, लोराटाडिन यांसारखी कमी गुंगीची गोळी चालते. गरोदर स्त्री, लहान मूल व मूत्रपिंडाचा रोगी यांनीं मात्र डॉक्टरास विचारल्यावांचून घेऊं नये. क्लोरफेनिरामिन, फेनिरामिन ह्या जुन्या व स्वस्त गोळ्यांनीं गुंगी येते. ती घेऊन ट्रॅक्टर चालविणें, मळणीयंत्राच्या तोंडाशीं पेंढ्या लावणें किंवा कडबाकुट्टीवर बसणें म्हणजे पित्तापायीं हात गमावण्याची तयारी करणें होय. सेटिरिझिननेंही कांहींना झोंप येते. पहिली गोळी रात्रीं घेऊन पाहावी.

दुसरी खोड इंजेक्शनाची. स्टेरॉइडचें इंजेक्शन दिलें कीं पित्त तासाभरांत उतरतें, म्हणून दर पंधरवड्यास तें टोंचून घेणारे लोक आहेत. तीव्र प्रसंगीं डॉक्टर थोडे दिवस स्टेरॉइड देतात तें योग्यच आहे. वारंवार घेतल्यास मात्र साखर व रक्तदाब वाढतो, हाडें ठिसूळ होतात, आणि पित्त मुळांतून जात नाहीं तें नाहींच. दुकानांत मिळणारीं मिश्र मलमें तर पित्तास निरुपयोगी आणि गजकर्णास घातक आहेत. स्टेरॉइडमुळें वरची लाली जाते व खालीं बुरशी फोफावते.

सहा आठवड्यांवर गेलेलें पित्त.— जवळजवळ रोज उठणारें पित्त सहा आठवडे उलटूनही थांबलें नाहीं, तर त्यास जुनाट पित्त म्हणावें व त्वचारोगतज्ज्ञाकडे जावें. येथें शेतकऱ्याची सर्वांत मोठी नुकसानी होते. कोणी वांगें बंद करतो, कोणी तूर, कोणी दूध; वर्षभरांत ताटांत भाकरीवांचून कांहीं उरत नाहीं आणि गांधी उठतच राहतात. ह्या प्रकारांत अन्न हें कारण क्वचितच असतें. बहुतेकांत बाहेरचें कारण सांपडतच नाहीं. शरीराची संरक्षक यंत्रणा स्वतःच्याच मास्ट पेशींस चाळवीत राहते. म्हणूनच शेंकडो पदार्थांच्या वावड्याची जी मोठी व महागडी रक्ततपासणी सुचविली जाते, ती ह्या रोगांत बहुधा निष्फळ ठरते. धान्य विकून ती करण्यापूर्वीं तज्ज्ञास विचारावें. रक्ताची साधी तपासणी, जरूर वाटल्यास थायरॉइडची, आणि अनवाणी चालणाऱ्या व जंतांची शंका असलेल्या रोग्याची शौचतपासणी एवढ्यानें पुष्कळदां काम भागतें.

उपचाराचें तत्त्व असें कीं, खाज सुटल्यावर गोळी न घेतां ती रोज नेमानें घ्यावी, म्हणजे हिस्टामिन सांडलें तरी त्यास दार बंद सांपडतें. दोन ते चार आठवड्यांत गुण न आल्यास तज्ज्ञ हाच डोस चौपटीपर्यंत वाढवितात; तो आपल्या मनानें वाढवूं नये. त्यानेंही न भागल्यास ओमालिझुमॅब नांवाचें इंजेक्शन आहे. इशिझाकांनीं शोधलेल्या त्या आय-जी-ईलाच तें बांधून ठेवतें. जुनाट पित्तासाठीं त्यास अमेरिकेंत व युरोपांत २०१४ सालीं मान्यता मिळाली. तें दर चार आठवड्यांनीं घ्यावें लागतें व अजून खर्चाचें आहे. बहुतेकांचें जुनाट पित्त एक ते पांच वर्षांत स्वतःच थांबतें, हें रोग्यास प्रथमच सांगितलें तर तो दहा दवाखाने फिरत नाहीं.

तज्ज्ञाकडे केव्हां व कसें जावें.— चट्टा चोवीस तासांहून अधिक टिकणें, डाग राहणें किंवा ठणका लागणें. पित्ताबरोबर ताप व सांधेदुखी असणें. ओठ-पापण्या वारंवार सुजणें. नेमानें गोळी घेऊनही झोंप न लागणें. सहा आठवडे उलटणें. आणि वर सांगितलेल्या जिवावरच्या झटक्यांतून एकदां वांचणें, ह्यांपैकीं कोणतीही एक गोष्ट पुरेशी आहे. शेवटच्या प्रकारांत बरें वाटत असलें तरी जावें, कारण वावडें कशाचें हें तेव्हांच शोधावयाचें असतें. एखाद्या औषधानंतर अंगावर फोड येऊन कातडी सोलूं लागली किंवा तोंड व डोळे आंतून सोलवटले, तर तें पित्त नव्हे. त्याच दिवशीं मोठ्या रुग्णालयांत दाखल व्हावें.

नागपुरांत लकडगंजाहून जवळ पडतें तें मेयो, म्हणजे आतांचें इंदिरा गांधी शासकीय वैद्यकीय महाविद्यालय. त्याखेरीज १९४७ सालीं स्थापन झालेलें शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, ज्यास सर्व लोक 'मेडिकल' म्हणतात, आणि मिहानमधील एम्स. ह्या तिन्ही ठिकाणीं त्वचारोगाचा स्वतंत्र विभाग आहे. खासगी दवाखान्यांत जावयाचें तर पाटीवर त्वचारोगाची एम. डी., डी. एन. बी. किंवा डी. व्ही. डी. ही पदवी आहे ना, तें पाहून घ्यावें.

पित्ताची एक अडचण अशी कीं, उमरेड किंवा काटोलहून निघालेला रोगी नागपुरास पोंचेपर्यंत अंग स्वच्छ झालेलें असतें व डॉक्टरास दाखविण्यास कांहींच उरत नाहीं. यास्तव चट्टे उठले असतांनाच दिवसाच्या उजेडांत मोबाइलवर त्यांचें छायाचित्र काढून ठेवावें. एक जवळून व एक थोडें लांबून. जमाखर्चाच्या वहींत एक पान राखून तारीख, चट्टे उठल्याची व मावळल्याची वेळ, त्यापूर्वींच्या तीन-चार तासांत काय खाल्लें, कोणती गोळी घेतली, कोणतें काम केलें, हें टिपावें. घरांतील सर्व औषधांच्या रिकाम्या पट्ट्या व काढ्या-चूर्णांच्या पुड्याही पिशवींत घालून न्याव्या. तज्ज्ञानें कातडीवर टोंचून करावयाच्या चांचणीसाठीं मुद्दाम सांगितलें नसेल, तर चालू असलेली पित्ताची गोळी बंद करून जाऊं नये.